आठव्या महिन्यात लिस्बन: जाऊ, की व्हिडिओ बघणंच बंद करू?

पत्र थोडक्यात: खारघरची वाचक, वय ३१, पहिलं बाळंतपण, ३३ वा आठवडा चालू. रिपोर्ट सगळे नॉर्मल, गोळ्या आणि तपासण्या वेळेवर, ऑफिसची रजा नुकतीच सुरू झालीय. गेल्या वर्षी नवऱ्यासोबत पोर्तुगालमधल्या लिस्बनला जायचं ठरलं होतं, मग दिवस राहिले आणि बेत बारगळला. आता रात्री झोप लागत नाही तेव्हा ती हेडफोन लावून लिस्बनच्या गल्ल्यांमधून कोणीतरी नुसतं चालत जातंय असे व्हिडिओ बघत बसते. सासूबाई म्हणतात, या दिवसांत मन बाळात असावं, हे परदेशाचं काय काढलंय. नवरा म्हणतो, नंतर जाऊ गं. मैत्रीण म्हणते, विमानात ३६ आठवड्यांपर्यंत घेतात, आत्ताच जाऊन ये, नंतर दहा वर्षं विसर. घरात तिला खालच्या दुकानात पण एकटीला जाऊ देत नाहीत. महिनाअखेरीस ती गाडीने सांगलीला माहेरी जाणार आहे, बाळंतपण तिकडे. ती विचारते: जाऊ का लिस्बनला? नाहीतर हे व्हिडिओ बंद करू का? आणि बाळ येणार असताना मला दुसरीकडेच कुठेतरी असावंसं वाटतं, म्हणजे माझ्यात काही कमी आहे का?

अगं, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण मला वाटतं बाकीचे दोन त्याच्याच ओझ्याखाली दबलेत. नाही, तुझ्यात काहीही कमी नाही. आठव्या महिन्यात बाईचं मन एका जागी शांत बसतं हे कोणी ठरवलं मला माहीत नाही, मला पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कोणाचंच तसं बसलेलं नसतं, कोणाला शाळेतल्या मैत्रिणी आठवत राहतात, कोणी मध्यरात्री उठून कपाटं आवरते, कोणी घरांच्या जाहिराती बघत बसते. तू लिस्बन बघतेस. बाळाला आता तुझा आवाज ऐकू येतो, तू त्याचं सगळं वेळच्या वेळी करतेयस, मग रात्री तासभर तू ट्राम बघितलीस तर त्याच्या वाटचं काय कमी झालं?

पण तुझ्या पत्रातल्या दोन ओळी मी परत परत वाचल्या. तू लिस्बनचे राजवाडे, म्युझियम, बेलेमचा बुरूज असलं काही बघत नाहीस, तू बघतेस फक्त चालणं. कोणीतरी घरातून निघालंय, वळणावर वाटेल तिकडे वळतंय, कोणाला सांगायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. आणि चार ओळी सोडून तू लिहितेस की खालच्या दुकानातही एकटीला सोडत नाहीत. मला वाटतं या दोन ओळी सख्ख्या बहिणी आहेत. तुला लिस्बन हवंच आहे, ते खोटं नाही, पण आत्ता या आठवड्यात जे टोचतंय ते लिस्बन नाहीये, ते आपल्या पायांनी, आपल्या मनाने दहा मिनिटं कुठेतरी जाणं आहे, आणि ते तुला इथे खारघरमध्ये मिळू शकतं. त्याच्याबद्दल खाली सविस्तर लिहिते.

आधी लिस्बनचं सरळ बोलून टाकू. मैत्रिणीचा आकडा चुकीचा नाही. एकच बाळ असेल आणि काही गुंतागुंत नसेल तर बऱ्याच विमान कंपन्या साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत घेतात, जुळी असतील तर ३२ पर्यंत, आणि २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात. पण हा आकडा विमानापुरता आहे गं, आकाशात कोणाच्या कळा सुरू होऊ नयेत एवढीच त्यांची काळजी. शिवाय तो परतीच्या दिवशीही लागू होतो, हे लोक मोजतच नाहीत. आज तुझा ३३ वा, शेंगेन व्हिसाचा (पोर्तुगालसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) निर्णय यायला अर्ज दिल्यापासून साधारण १५ दिवस धरतात, त्याआधी अपॉइंटमेंट मिळायला हवी, म्हणजे तू निघेपर्यंतच ३६ वा उजाडणार. त्या व्हिसाला कमीत कमी ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो पण अशा बऱ्याच पॉलिसी गरोदरपणाचा आणि बाळंतपणाचा खर्च धरत नाहीत, त्यामुळे बाळ आधी आलंच तर परक्या देशात हॉस्पिटल, काचेच्या पेटीतलं बाळ आणि बिल असं सगळं एकदम अंगावर येईल. वर इतके तास एका सीटवर बसून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका, जो गरोदरपणात मुळातच वाढलेला असतो. आणि लिस्बन म्हणजे टेकड्यांवरचं शहर, फुटपाथ छोट्या चुनखडीच्या दगडांचे, पायांनी घासून गुळगुळीत झालेले, पावसात तर चांगलेच निसरडे. तू ज्या २८ नंबरच्या ट्राममध्ये बसायचं म्हणतेस तिला टुरिस्टांची एवढी गर्दी असते की बऱ्याचदा उभ्यानेच जावं लागतं. व्हिडिओत धाप लागत नाही ना, म्हणून कळत नाही. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे, आत्ता नको. (हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला पाचवा-सहावा महिना असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर गोष्ट वेगळी, १४ ते २८ आठवडे हा प्रवासाला सगळ्यात सुखाचा काळ समजतात, ज्यांना जायचंय त्यांनी तेव्हा जावं, आठव्याची वाट बघू नये.)

पण "नंतर दहा वर्षं विसर" हे कुठून आलं? हे मैत्रिणीचं आयुष्य असेल, तुझं अजून झालेलंच नाहीये. पहिले काही महिने जाणार नाहीस हे खरं, सिझर झालं तर अंग सावरायला वेळ लागेल, झोपेचे हाल होतील, आणि खरं सांगायचं तर तेव्हा तुला लिस्बन आठवणारही नाही कदाचित. पण सात-आठ महिन्यांचं, अजून पाय न फुटलेलं, अंगावर पिणारं बाळ कॅरियरमध्ये छातीशी बांधून फिरवणं हे दोन वर्षांच्या पळणाऱ्या पोराला घेऊन फिरण्यापेक्षा पुष्कळ सोपं जातं, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मांडीवर घेऊन जायचं असेल तर परदेशाच्या विमानात बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास घेतात. बाळाला स्वतःचा पासपोर्ट मात्र लागतो, त्याला जन्मदाखला लागतो, म्हणजे नाव लवकर ठरवून दाखला वेळेत काढा. आत्ता तारीख ठरवू नकोस, तारीख ठरवली की तिचाच ताण येईल. नवऱ्याला मात्र एक विचार, त्या रद्द झालेल्या बेतासाठी बाजूला काढलेले पैसे आहेत कुठे? असतील तर हलवू नका, खर्च झाले असतील तर छोटीशी का होईना पण आरडी चालू करा दोघांच्या नावावर. त्याचं "नंतर जाऊ गं" तुला खोटं वाटतं कारण त्याला काही आकारच नाहीये, खात्यात दर महिन्याला काहीतरी पडायला लागलं की त्या शब्दांवर तुझा विश्वास बसेल.

आता आपलं शहर. आत्ता थंडी सरत आलीय पण संध्याकाळी अजून बरं वाटतं, या दोन-तीन आठवड्यांचा उपयोग करून घे. तुझ्या घराजवळून मेट्रो जाते, बेलापूर ते पेंधर, ११ स्टेशनं, ११ किलोमीटर, नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि तू लिहितेस की अजून एकदाही बसली नाहीस! दुपारी बारा ते चारच्या मधे जा, ऑफिसची गर्दी नसते, लिफ्ट आहे, एसी आहे, वरून जाते त्यामुळे खारघरचे डोंगर, सेंट्रल पार्क सगळं बसल्या जागी दिसतं. पेंधरला उतरायचं, दोन मिनिटं बाकावर टेकायचं, परतीचं तिकीट काढून उलटं यायचं. कुठे पोचायचंच नाहीये हीच त्यातली मजा, तुझ्या त्या व्हिडिओसारखीच.

बेलापूरला पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज आहे, सेक्टर ८ मध्ये. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात आखलेली वसाहत, सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती, असे चौक मिळून मोठं अंगण, लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे घर वाढवत न्यावं अशी कल्पना. जगभरातले आर्किटेक्चर शिकणारे तिचा अभ्यास करतात आणि आपण नवी मुंबईकर बाजूच्या रस्त्याने गाडीतून निघून जातो. आता काही घरं पाडून मोठी बांधलीयत, काही तशीच राहिलीयत, पण गल्ल्या अरुंद, झाडं भरपूर, गाड्या कमी. तुला वाटेल तिकडे वळायचंय ना, इथे वळ. रिक्षाने जा, सपाट गल्ल्यांमधून वीस मिनिटं रमतगमत चाल, रिक्षानेच परत ये.

नेरूळचा ज्वेल ऑफ नवी मुंबई हा पार्क पाण्याच्या कडेने सपाट आहे आणि बसायला बाक आहेत, आठव्या महिन्यात मला तरी याहून चांगली जागा सुचत नाही. सीवुड्सच्या डीपीएस तलावाकडे आणि त्या बाजूच्या पाणथळीत साधारण नोव्हेंबर ते मे फ्लेमिंगो येतात, किती दिसतील ते पाण्यावर अवलंबून, पण रस्त्याकडेला उभं राहूनही दिसतात, ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला नेणाऱ्या बोटीत बसायचा हट्ट आत्ता करू नकोस, चढ-उतार आणि हिंदकळणं नको. सीवुड्सला गेलीस तर मॉल स्टेशनच्या डोक्यावरच आहे, स्वच्छ टॉयलेट आणि लिफ्ट दोन्ही मिळतं, आणि या दिवसांत कुठलीही सहल टॉयलेट कुठे आहे यावरूनच आखायची असते, त्यात लाजायचं काही नाही. नेरूळच्याच वंडर्स पार्कमध्ये जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, तिथे सासूबाईंना घेऊन जा, मनापासून सांगतेय. रविवारी नवऱ्याला गाडी काढायला सांग आणि अटल सेतूवरून जाऊन या. लिस्बनला टेगस नदीवर वास्को द गामा पूल आहे, १९९८ चा, साधारण १७ किलोमीटरचा, तुझ्या व्हिडिओत तो दिसला असेलच, आपला २०२४ साली सुरू झालेला सेतू २१.८ किलोमीटरचा आहे आणि त्यातला १६ किलोमीटरहून जास्त भाग समुद्रावर आहे. पुलावर थांबता येत नाही, तेव्हा चढायच्या आधी टॉयलेटला जाऊन घे.

लोकलने जावंसं वाटलं तर गर्दीची वेळ टाळ, आणि दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना बसायची मुभा आहे हे लक्षात ठेव, डॉक्टरांचा कागद जवळ असू दे.

कसं चालायचं याचं एकच सांगते, चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धापेमुळे वाक्य तुटायला लागलं की बसायचं. पोट कडक झालं तर थांब, पाणी पी, डाव्या कुशीवर टेकता आलं तर टेक. विश्रांतीने जात असेल तर बहुतेक वेळा ते सरावाचं आखडणं असतं, खऱ्या कळा नव्हेत. विश्रांतीनंतरही नियमित यायला लागलं, वाढत गेलं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं प्रचंड दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा-हात अचानक सुजले, एकाच पोटरीत सूज येऊन दुखायला लागलं, किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर घरी येऊन बघू असं म्हणायचं नाही, तिथूनच थेट हॉस्पिटल. हालचालीचं डॉक्टर साधारण असं सांगतात की शांत कुशीवर पडून दोन तासांत दहा तरी जाणवल्या पाहिजेत. फाईलचे फोटो फोनमध्ये, रक्तगट लिहिलेला, अँब्युलन्सचा १०८ नंबर सगळ्यांना पाठ.

आणि एकटीने जायचं ते? त्याच्यासाठी घरात भांडू नकोस, डॉक्टरांना मधे घे. पुढच्या तपासणीला सासूबाई किंवा नवरा, जो जास्त घाबरतो त्याला सोबत ने आणि त्यांच्यादेखत विचार, रोज चालू का, किती, एकटी चालले तर चालेल का. गुंतागुंत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनाही गरोदर बाईला आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचाल करायला सांगते, म्हणजे चालणं हे लाड नाहीत, गरज आहे. डॉक्टरांचं एक वाक्य आपल्या घरांमध्ये जे काम करतं ते आपली दहा वाक्यं करत नाहीत. (ज्यांना वार खाली आहे, बीपी आहे, गर्भाशयाचं तोंड आखूड झालंय म्हणून विश्रांती सांगितलीय त्यांना हे लागू नाही, तुम्ही डॉक्टरांचंच ऐका, खिडकीशी खुर्ची ओढून बसा आणि व्हिडिओ खुशाल बघा.) मग सोसायटीच्या गेटपासून दुकानापर्यंत, फोनवर लोकेशन चालू, पंधरा-वीस मिनिटं. दुकानातून काही आणायलाच पाहिजे असं नाही.

सासूबाईंचं मला वाईट वाटत नाही, त्या घाबरल्यात. त्यांच्या वेळी धोक्याची माहिती एवढी हाताशी नव्हती, जपणं म्हणजे घरात ठेवणं एवढंच त्यांना शिकवलं गेलं. त्यांना हेडफोनमागचं काही दिसत नाही, सून रात्री तीन वाजता उजेडात बसून कुठेतरी हरवलीय एवढंच दिसतं. एकदा दुपारी टीव्हीवर लावून दाखव ना त्यांना ती गल्ली, ती वाळत घातलेली धुणी, तो उतार. "मला इथे चालायला आवडलं असतं" एवढंच म्हण, पुढे त्यांना काय म्हणायचंय ते म्हणू दे.

व्हिडिओ बंद करायची गरज मला वाटत नाही. फक्त रात्री स्क्रीनचा उजेड झोप आणखी पळवतो, म्हणून रात्री फोन पालथा ठेव आणि नुसता आवाज ऐक, पावलं, ट्रामची घंटा, लोकांचं बोलणं. आपल्याकडे पहाटेचे तीन म्हणजे तिथे हिवाळ्यात रात्रीचे साडेनऊ, रस्ते जागेच असतात. कुशीवर झोप, एक उशी गुडघ्यांच्या मधे, एक पोटाखाली, एक पाठीला. रात्रीचं जेवण साडेसातला उरक आणि थोडं ठेव, नंतर भूक लागली तर राजगिऱ्याचा लाडू किंवा लाह्या, म्हणजे छातीत जळजळणार नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत, चहा-दुधाच्या आसपास नको, कॅल्शियम वेगळ्या वेळी. पोटरीत गोळा आला तर पाऊल आपल्याकडे ओढून धर. आणि चपला बदल! संध्याकाळी पाय सुजलेले असताना दुकानात जा, एक नंबर मोठ्या, मऊ तळाच्या, मागे पट्टा असलेल्या घे, कोल्हापुरी आणि सपाट स्लिपर काही महिने कपाटात ठेव. आपल्या बायका बाळासाठी आठ हजारांची खरेदी करतात आणि स्वतःच्या चपलेला पाचशे रुपये काढताना विचार करतात, मला त्याचा फार त्रास होतो. संध्याकाळी कोमट पाण्याने अंघोळ, मग पाय उशीवर उंच करून अर्धा तास, तेव्हा कोणी काही सांगितलं तरी उठायचं नाही.

रजेबद्दल तू विचारलं नाहीस पण इतरांसाठी सांगते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि आधी घेतलेले नंतरच्यातून कमी होतात. म्हणजे हे आत्ताचे दिवस तुझ्या हक्काचे आहेत, नुसतं वाट बघत काढायचे नाहीत.

आता तुझ्या पत्रात जे ओझरतं आलंय आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय ते. सांगली. लिस्बनच्या व्हिडिओवर एवढी चर्चा झाली, पण ३६ व्या आठवड्यात साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, दोन घाट उतरून-चढून सहा-सात तास गाडीत बसायचं यावर घरात कोणी काही बोललेलं दिसत नाही, कारण ते माहेर आहे आणि रीत आहे. तिथेही तुझं शरीर तेच असणार ना. तुला माहेरी जायचंय का, हे आधी स्वतःला विचार. जायचं असेल तर महिनाअखेरीची वाट न बघता, डॉक्टर हो म्हणाले तर येत्या आठवड्यातच जा. गाडीने गेलीस तर दर तास-दीड तासाला उतरून पाच मिनिटं चाल, सीटबेल्ट लावच, खालचा पट्टा पोटाखालून मांड्यांच्या वर आणि तिरका पट्टा छातीच्या मधून पोटाच्या बाजूने. रेल्वेचाही विचार कर, महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री कल्याणहून मिळते, सांगलीला थांबते, आडवं पडून जाता येतं आणि गरोदर बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, डॉक्टरांचा दाखला दाखवून काढावा लागतो. पुणे, सातारा, कराड, प्रत्येक ठिकाणचं एक हॉस्पिटल बघून ठेवा. आणि जायचं नसेल, इथलेच डॉक्टर बरे वाटत असतील, तर आईला इकडे बोलाव, त्यात आईचा अपमान नाही. उद्या सकाळी तुझ्या डॉक्टरांना फोन करून कुठल्या तारखेपर्यंत निघालेलं बरं ते विचार, आणि सांगलीलाच ठरलं तर तिथल्या डॉक्टरांकडे पोचल्यापासून दोन दिवसांच्या आतली वेळ आईला आजच घ्यायला सांग, सगळी फाईल आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट त्यांना आधी पाठवून दे.